उंदराला ऑटिझम होतो का? भीती, एन्झायटी आणि प्राण्यांवरच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं उंदरांच्या लॅबमध्ये काम केलंय, आणि ओळखीतल्या ऑटिस्टिक मुलांच्या आईबाबांना हे कळलं की ठरलेले प्रश्न येतात. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकलंय. काही प्रश्न एमएस्सी करणाऱ्या पोरांचे आहेत, तेही यातच घातलेत.

उंदराला खरंच ऑटिझम होतो का?

नाही. ऑटिझमचं निदान माणसाच्या वागण्यावरून, बोलण्यावरून, लहानपणापासूनच्या इतिहासावरून होतं, आणि उंदीर काही डॉक्टरांना सांगत नाही की मला वर्गात मिसळता येत नाही म्हणून. "ऑटिस्टिक उंदीर" हा शब्द पेपरात छापून येतो, पण लॅबमध्ये कोणी शहाणा माणूस तो गंभीरपणे वापरत नाही. मॉडेल म्हणजे एवढंच की माणसात ऑटिझमशी जोडलेलं एखादं कारण, म्हणजे जीनमधला बदल किंवा गरोदरपणातलं एखादं औषध, ते प्राण्यात मुद्दाम आणायचं आणि मेंदूत पुढे काय काय बदलतं ते बघायचं. कारण तेच, प्राणी वेगळा. परिणाम तोच असेल याची गॅरंटी नाही.

मग सगळं सोडून भीती आणि एन्झायटीच का बघतात? ऑटिझम म्हणजे तर बोलणं आणि सोशल गोष्टी ना?

निदानाच्या निकषांत एन्झायटी नाही, बरोबर. पण घरात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो विचारा कुठल्याही आईला. २०११ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज करून बघितली तेव्हा ऑटिस्टिक मुलं आणि टीनएजर यांच्यात साधारण ४० टक्क्यांना निदान करण्याइतका किमान एक एन्झायटीचा आजार निघाला, आणि त्यात सगळ्यात वर होता ठरावीक गोष्टीचा फोबिया, जवळजवळ ३० टक्के.

दुसरं कारण जरा स्वार्थी आहे. उंदराचं सोशल वागणं आणि माणसाचं सोशल वागणं यात जमीन-अस्मानाचा फरक, उंदीर वासावर जगतो. पण भीतीची यंत्रणा, म्हणजे कानाच्या साधारण पातळीवर मेंदूत खोल बसलेला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आणि त्याला लगाम घालणारा पुढचा मेंदू, ही उंदरात आणि आपल्यात बऱ्यापैकी सारखी आहे. म्हणून जिथे तुलना टिकायची शक्यता जास्त तिथे लोक खणतात.

उंदीर घाबरलाय हे कळतं कसं?

सगळ्यात प्रसिद्ध टेस्ट म्हणजे अधांतरी अधिकचिन्ह, एलेव्हेटेड प्लस मेझ. जमिनीपासून साधारण ५० सेंटीमीटर उंच, चार हात, दोन हातांना भिंती आणि दोन उघडे. उंदराला मध्ये सोडायचं आणि पाच मिनिटं बघायचं की उघड्या हातावर किती वेळ जातो. घाबरट उंदीर भिंतीच्या आडोशाला बसतो. डायझेपाम, म्हणजे जुन्या लोकांना काम्पोज म्हणून माहीत असलेली गोळी, ती दिली की उंदीर उघड्यावर जास्त हिंडतो, त्यावरून ही टेस्ट एन्झायटी मोजते असं मान्य झालं. मोकळ्या चौकोनी खोक्यात मध्यभागी येतो की कडेकडेने पळतो ही दुसरी टेस्ट, अंधार-उजेडाचं खोकं ही तिसरी.

यात गोची आहे ती सांगतोच. जो उंदीर मुळातच जास्त चुळबुळ्या आहे तो सगळीकडेच पळतो, उघड्या हातावरही, आणि मग आकडा म्हणतो "हा बिनधास्त आहे". प्रत्यक्षात तो फक्त हायपर असतो. शिवाय जोसेफ लडू, ज्यांनी भीतीच्या सर्किटवर आयुष्य घालवलं, तेच आता सांगतात की धोका दिसल्यावर उंदीर जागच्या जागी गोठतो त्याला "भीती" म्हणूच नका, धोक्याला दिलेला बचावाचा प्रतिसाद म्हणा, आत काय वाटतंय ते आपल्याला दिसत नाही. मला पटतं. पण बोलताना मीही भीतीच म्हणतो, सवय.

"भीती शिकणं" म्हणजे नेमकं काय?

इमोशनल लर्निंग म्हणतात ते हेच. उंदराला एक टोन ऐकवायचा, टोन संपता संपता पायाखालच्या जाळीतून छोटासा शॉक. दोन-चार वेळा असं झालं की नुसता टोन वाजला तरी उंदीर जागच्या जागी गोठतो, मिशासुद्धा हलत नाहीत, फक्त श्वास चालू. किती सेकंद गोठला ते मोजायचं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याचंच हे भाऊबंद, फक्त जेवणाऐवजी धोका.

पण माझ्या मते खरी मजा शिकण्यात नाही, पुढच्या दोन गोष्टींत आहे. एक, उंदीर दुसऱ्याच कुठल्यातरी टोनला, ज्यात काहीच वाईट झालेलं नाही, त्यालाही गोठतो का? म्हणजे भीती पसरते का. आणि दोन, आता टोन शॉकशिवाय शंभर वेळा वाजवला तर उंदराला कळतं का की बाबा आता काही नाही होत? याला एक्स्टिंक्शन म्हणतात, आणि नाव फसवं आहे कारण जुनी आठवण विझत नाही. तिच्यावर "आता इथे सेफ आहे" अशी दुसरी आठवण चढते. खोली बदला, किंवा नुसते दिवस जाऊ द्या, जुनी भीती परत वर येते. हे लक्षात ठेवा, खाली कामाला येणार आहे.

ऑटिझमचं मॉडेल बनवतात कसं?

दोन मोठे रस्ते. एक जीनचा: फ्रॅजाइल एक्स, म्हणजे ऑटिझमशी जोडलेला एक जनुकीय आजार, त्याचा एफएमआर१ जीन बंद केलेला माऊस १९९४ पासून आहे, रेट सिंड्रोम या तशाच दुसऱ्या आजाराचा एमईसीपी२ जीन, शँक३ नावाचा जीन वगैरे नंतर आले. (माऊस म्हणजे छोटा आणि रॅट म्हणजे मोठा, मराठीत दोघांना उंदीर म्हणतो त्यामुळे गोंधळ होतो, खाली गरज असेल तिथे वेगळं लिहिलंय.)

दुसरा रस्ता औषधाचा. आधी थॅलिडोमाइडची गोष्ट, म्हणजे पूर्वी गरोदर बायकांना मळमळीवर दिली जाणारी गोळी. स्वीडनमध्ये १९९४ साली थॅलिडोमाइडने जन्मजात व्यंग आलेल्या लोकांना तपासताना त्यांच्यात ऑटिझम अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त दिसला, आणि ज्यांच्या आईने गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीच्या थोड्या दिवसांत गोळी घेतली होती त्यांच्यातच. म्हणजे ज्या नळीपासून पुढे मेंदू बनतो ती गर्भात बंद होत असते त्या सुमारास. त्यावरून अमेरिकेत पॅट्रिशिया रोडियर यांनी १९९६ मध्ये गाभण रॅटला वॅल्प्रोएट, म्हणजे आकडीवरचं औषध, साधारण बाराव्या दिवशी एकदाच मोठ्या डोसमध्ये दिलं आणि पिल्लांचे मेंदू बघितले. पुढे पोलंडमधल्या लोकांनी त्या पिल्लांचं वागणं तपासलं: एकमेकांशी कमी खेळतात, तेच तेच करत राहतात, एन्झायटी जास्त. तेव्हापासून वीपीए रॅट (वीपीए म्हणजे वॅल्प्रोएटचंच छोटं नाव) हे भीतीच्या अभ्यासातलं घरातलं माणूस झालंय.

त्या वीपीए रॅटमध्ये भीतीचं काय सापडलं?

हा प्रयोग नीट सांगायलाच हवा. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला कमिला मार्कराम, तानिया रिनाल्डी आणि हेन्री मार्कराम यांनी २००८ मध्ये वीपीए रॅटना वर सांगितलेलं टोन-शॉकचं ट्रेनिंग दिलं. तीन गोष्टी दिसल्या. भीतीची आठवण जास्त घट्ट बसली. ती दुसऱ्या आवाजांवरही पसरली. आणि ती जाता जाईना. मग त्यांनी अमिग्डालाचे पातळ काप काढून त्यात इलेक्ट्रोड घातले तर तो भाग जरा डिवचलं की नको इतका भडकत होता, पेशींमधले जोड चटकन मजबूत होत होते, आणि ब्रेक मारणाऱ्या पेशींचं काम कमी पडत होतं.

याच्या आधी वर्षभर, २००७ मध्ये, मार्कराम मंडळींनी "इंटेन्स वर्ल्ड", म्हणजे "तीव्र जग" नावाची थिअरी मांडली होती. तेव्हा सगळे म्हणत होते ऑटिझममध्ये भावनांचा मेंदू मंद आहे, हे म्हणाले उलटं आहे, तो जास्तच चालतो, जग इतकं जोरात अंगावर येतं की मूल मागे सरकतं आणि आपण म्हणतो त्याला कोणात इंटरेस्टच नाही. हेन्री मार्कराम यांच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम आहे, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलंय, त्यामुळे या थिअरीत बापाचा जीव अडकलेला आहे हे वाचताना कळतं.

पालकांना ही थिअरी लगेच आवडते. मलाही आवडली होती. पण २०१४ मध्ये ॲना रेमिंग्टन आणि उटा फ्रिथ या ऑटिझमच्या संशोधकांनी लंडनहून खरमरीत इशारा दिला की एका प्रकारच्या रॅटवरून पालकांनी मुलाला अनुभवांपासून, गर्दीपासून, माणसांपासून तोडायला सुरुवात केली तर नुकसानच होईल. रास्त आहे.

मार्कराम मंडळींनीच २०१५ मध्ये पुढचा प्रयोग केला तो मला सगळ्यात भारी वाटतो. वीपीए रॅटची पिल्लं तीन प्रकारे वाढवली: साध्या पिंजऱ्यात, खेळणी आणि सोबत भरपूर पण सारखं बदलत राहणाऱ्या पिंजऱ्यात, आणि तेवढंच सगळं भरपूर पण काय कधी येणार हे ठरलेल्या पिंजऱ्यात. तिसऱ्या पिंजऱ्यातल्या पिल्लांत ती अतिभीती तयारच झाली नाही. खेळणी कमी करून फायदा झालेला नाही हे नीट वाचा. फायदा ठरलेपणाचा झाला.

सगळ्या मॉडेलमध्ये हेच दिसतं का?

अजिबात नाही, आणि इथेच बातम्या गंडतात.

फ्रॅजाइल एक्स घ्या. हा आजार असलेली मुलं प्रचंड एन्झायटीत असतात, नजर चुकवतात, नवीन माणूस आला की हात चावतात. पण एफएमआर१ नसलेला माऊस मोकळ्या खोक्यात सोडला तर कित्येक लॅबमध्ये तो उलट कमी घाबरट दिसतो, मजेत मध्यभागी हिंडतो. मुलगा घाबरतो, माऊस हिंडतो, जीन एकच!

अमिग्डालाच्या आत बघायचं काम आपल्याकडे बंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या लॅबने केलं. २०१० च्या त्यांच्या पेपरात एफएमआर१ माऊसच्या अमिग्डालात जोड मजबूत होण्याची क्षमता कमी निघाली, वीपीए रॅटच्या बरोबर उलट. एक औषध त्या कापांवर टाकल्यावर काही बिघाड सुधारले, काही नाही सुधारले. म्हणजे एका मॉडेलमध्ये अमिग्डाला जास्त शिकतो, दुसऱ्यात कमी, आणि दोन्हीच्या वर लेबल "ऑटिझम". मला यात विरोधाभास नाही वाटत. ऑटिझमकडे जाणारे रस्ते अनेक आहेत, प्रत्येक मॉडेल एकाच रस्त्याचा नकाशा. "उंदरांमध्ये सिद्ध झालं" असं वाचलं की पहिला प्रश्न विचारा, कुठल्या उंदरात?

माझ्या मुलीला कपड्याचं लेबल टोचतं, त्याचा आणि एन्झायटीचा संबंध आहे का?

माऊसमध्ये तरी आहे, आणि काय सुंदर काम आहे ते. हार्वर्डमध्ये डेव्हिड गिंटी यांच्या लॅबमध्ये लॉरेन ओरेफिस यांनी २०१६ मध्ये एमईसीपी२ जीन फक्त स्पर्शाच्या नसांमधून काढला, मेंदूला हातच लावला नाही. तर माऊस हलक्या स्पर्शाला दचकायला लागले, आणि मोठे झाल्यावर एन्झायटी जास्त, दुसऱ्या माऊसमध्ये मिसळणं कमी. हाच जीन त्याच नसांमधून मोठेपणी काढला तर दचकणं आलं पण एन्झायटी आली नाही. म्हणजे लहानपणी कातडीवरून चुकीचे सिग्नल वर जात राहिले तर घबराट घडत जाते असं दिसतंय. २०१९ मध्ये त्यांनी मेंदूत जवळजवळ न शिरणारं, फक्त बाहेरच्या नसांवर काम करणारं रसायन लहानपणी देऊन बघितलं, काही मॉडेलमध्ये एन्झायटी कमी झाली. माणसांसाठी हे औषध नाही, मागू नका. पण लेबल टोचणं म्हणजे नाटक किंवा हट्ट असं म्हणणाऱ्या आजोबांना हा प्रयोग जरूर सांगा.

माकडांवर पण करतात का?

हो, कमी प्रमाणात. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे डेव्हिड अमराल यांना आधी वाटत होतं की अमिग्डाला हा सोशल मेंदूचा गाभा, तो नसेल तर माकड एकलकोंडं होईल. त्यांनी अगदी लहान माकडांचा अमिग्डाला निकामी केला आणि आईजवळच वाढवलं. माकडं सोशल निघाली! आईला बिलगतात, बरोबरीच्यांशी खेळतात. बिघडलं ते भीतीचं गणित: सापासारख्या खेळण्याला न घाबरता हात लावायचे, पण अनोळखी माकड समोर आलं की नेहमीपेक्षा जास्त घाबरायचे. तेव्हा अमराल यांनी मत बदललं, की अमिग्डालाचा संबंध ऑटिझममधल्या एन्झायटीशी जास्त असावा. स्वतःची थिअरी स्वतःच्या प्रयोगाने पाडणारा शास्त्रज्ञ विरळा, म्हणून हे नाव लक्षात ठेवलंय.

त्यांच्याच गटाने २०२२ मध्ये ऑटिस्टिक मुलांचे एमआरआय बघितले. नेहमीच्या प्रकारची एन्झायटी असलेल्या मुलांत अमिग्डाला मोठा होता, आणि ऑटिझमच्या खास भीती असलेल्या मुलांत, म्हणजे रूटीन बदलण्याची वगैरे, उलट लहान. तेव्हा "एन्झायटी" हा एकच डबा नाहीये. हा फरक उंदीर स्वतःहून सांगूच शकला नसता, त्यासाठी मुलांशी आणि आईबाबांशी बोलावंच लागलं.

माणसांवर हाच भीतीचा प्रयोग केला तर काय दिसतं?

करतात, शॉकऐवजी कधी मोठा आवाज किंवा हवेचा झोत वापरून, आणि घाम मोजून. लंडनमधल्या गेग आणि बोलर यांना २००७ मध्ये ऑटिस्टिक मोठ्यांमध्ये भीती "जास्त" अशी दिसली नाही. धोक्याच्या सिग्नलला आणि सेफ सिग्नलला मिळणाऱ्या प्रतिसादांत जो फरक पडायला हवा तो कमी पडला. बाकी अभ्यासांत निकाल इकडेतिकडे आहेत. वीपीए रॅटसारखं सरळ उत्तर माणसात येत नाही, पण "कुठलं सेफ आणि कुठलं नाही" हे वेगळं करण्यात अडचण, हा धागा दोन्हीकडे हाती लागतो असं मला वाटतं.

इतकं करून औषध निघालं का?

एन्झायटीसाठी या मॉडेलमधून थेट आलेलं, नाही. फ्रॅजाइल एक्सच्या माऊसमध्ये एमग्लुआर५ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे मेंदूच्या पेशीवर सिग्नल पकडणाऱ्या भागाला, दाबणारी औषधं कमाल चालली, नोव्हार्टिस या औषध कंपनीने माणसांवर ट्रायल केल्या, फायदा दिसला नाही, २०१४ मध्ये बंद. ऑक्सिटोसिन या हॉर्मोनचा नाकात मारायचा स्प्रे, उंदरांत त्याचा केवढा बोलबाला होता, २०२१ मध्ये २९० मुलांवरची मोठी ट्रायल आली आणि डमी स्प्रेपेक्षा काही फरक नाही. त्यामुळे कोणी क्लिनिकवाला "उंदरांवर यशस्वी" म्हणून काही हजारांचं पॅकेज विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

एका लॅबचा निकाल दुसरीकडे का येत नाही?

१९९९ मध्ये जॉन क्रॅब आणि मंडळींनी तीन शहरांतल्या तीन लॅबमध्ये त्याच जातीचे माऊस, तशीच उपकरणं, तेच वेळापत्रक ठेवून टेस्ट केल्या, तरी काही टेस्टचे निकाल लॅबप्रमाणे बदलले, आणि प्लस मेझ त्यात होतीच. एन्झायटीची टेस्ट हात लावणाऱ्या माणसालाही ओळखते हो. आमच्याकडे एक दादा पिंजरे धुवायला आले की त्या दिवशीचे आकडे वेगळेच यायचे, आम्ही शेवटी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी टेस्ट लावायला लागलो.

वीपीए मॉडेलमध्ये अजून एक नेहमीची चूक. औषध दिलं जातं आईला, पण मोजतात पिल्लं, आणि एका आईची दहा पिल्लं म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे असं धरतात. ते नाहीत, तो एकच पुरावा आहे. २०१३ मध्ये कोणीतरी बसून मोजलं तर हे बरोबर करणारे अभ्यास जेमतेम ९ टक्के निघाले. एमएस्सीवाल्यांनो, वेत मोजा, पिल्लं नका मोजू.

प्राण्यांना त्रास होतो त्याचं काय?

होतो. नाही म्हणणं खोटं ठरेल. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली सीसीएसईए ही समिती आहे (जुने लोक सीपीसीएसईए म्हणतात), प्रत्येक संस्थेत एथिक्स कमिटी लागते, किती प्राणी आणि का हे लिहून द्यावं लागतं. शॉक अगदी सौम्य ठेवतात. माझं वैयक्तिक मत, जो प्रयोग नीट डिझाइन केलेला नाही तो सगळ्यात क्रूर, कारण प्राणीही गेला आणि कळलंही काही नाही.

मला आकडी येते, वॅल्प्रोएट चालू आहे, आता बाळाचा विचार आहे. हे वाचून घाबरले.

गोळी स्वतःहून बंद करू नका, झटका आला तर आई आणि बाळ दोघांना धोका. उद्याच न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या, दिवस राहायच्या आधीच बोला, औषध बदलता येतं का ते तेच ठरवतील. माणसातला आकडा सांगतो: डेन्मार्कच्या २०१३ च्या मोठ्या अभ्यासात आईच्या पोटात असताना वॅल्प्रोएट मिळालेल्या बाळांत ऑटिझमचं प्रमाण ४.४२ टक्के होतं, सगळ्या बाळांत मिळून १.५३. वाढ खरी आहे, आणि बहुतेक बाळांना ऑटिझम झाला नाही हेही खरं आहे.

आमचा मुलगा कुकरच्या शिट्टीला घाबरतो, आता मिक्सर, दारावरची बेल, सगळ्यालाच. उंदरांवरून आम्हाला काय उपयोग?

थेट उपचार नाही, थेरपिस्टला विचारूनच करा. पण बघायचं कसं हे उंदराने मला शिकवलंय. शिट्टीची भीती बेलवर गेली म्हणजे मूल लाडावलं नाही, भीती पसरली. घरी शिट्टीची सवय झाली आणि मामाकडे गेल्यावर परत रडला, तर "सगळी मेहनत वाया गेली" असं धरू नका, सेफ असल्याची आठवण अजून तुमच्याच स्वयंपाकघराला चिकटलेली आहे, मामाकडे आणि आजीकडेही तीच सवय थोडी थोडी करावी लागेल.

आणि ठरलेपणा. न्यूकॅसलच्या जॅकी रॉजर्स यांचा गट बरीच वर्षं ऑटिस्टिक मुलांमध्ये अनिश्चितता सहन न होण्यावर काम करतोय, तिसऱ्या पिंजऱ्यातल्या रॅटशी ते किती जुळतं बघा. माझ्या ओळखीतल्या एका आईने कुकर लावायच्या आधी मुलाला सांगायला सुरुवात केली, "आता तीन शिट्ट्या होणार", आणि फ्रिजवर तीन मॅग्नेट लावायची, प्रत्येक शिट्टीला तो एक काढायचा. पहिले काही दिवस कान झाकूनच काढायचा. आता तिसरी शिट्टी उशिरा झाली की तोच ओरडतो, "आई, एक राहिली!"